सहाचा पॉइंट

घर ताब्यात मिळालं तेव्हा भिंतीत एकच बोर्ड होता,
दोन बटणं, एक पॉइंट.
आमच्याकडं तरी काय होतं लावायला?
एक बल्ब, एक पंखा,
आणि पंखाही तंबाखू उडते म्हणून दिवसभर बंद.

मग एकेक वस्तू आली
पाहुण्यासारखी, आणि मुक्कामालाच राहिली.
फ्रिज आला,
अंबक्काच्या लेकीला लग्नात दोन मिळाले म्हणून निम्म्या किमतीत.
कूलर आला त्या एप्रिलात,
पत्र्याखाली भिजवलेली पानंसुद्धा
तासाभरात कडकड वाजायला लागली तेव्हा.
मिक्सर, टीव्ही. पाण्याची मोटर,
कारण नळ येतो चौथ्या दिवशी
आणि जो ओढेल त्याचं पाणी.

पॉइंट एकच.
यांनी बाजारातून पांढरी पट्टी आणली, पाच तोंडांची.
एका तोंडात दुसरी पट्टी, तिच्यात तिसरी,
वायर कपाटामागून, देव्हाऱ्याखालून,
माझ्या सुपाला वळसा घालून.
फ्यूज सारखा उडायचा
म्हणून यांनी त्यात जाड तार घातली.
"आता बघू कसा उडतो," म्हणाले.
आणि खरंच, पुन्हा उडाला नाही.
मी कौतुकानं चहा टाकला.

सोळा मागांच्या शेडमध्ये एकवीस वर्षं उभं राहून
यांचे कान गेलेत.
बोर्डाच्या आत काहीतरी चरचरत होतं म्हणे,
मोहरी तडतडावी तसं.
ते यांना कुठून ऐकू यावं?
आणि वास माझ्या वाट्याचा होता,
पण तेरा वर्षांची असल्यापासून
माझ्या नाकात तंबाखू बसलीय,
मोगऱ्याचा गजरासुद्धा मला विडीसारखा येतो.
मला वाटलं, शेजारी कुणी ओढत असेल.

धाकटी श्रीलता, पाचवीतली,
चार्जर काढायला गेली आणि म्हणाली,
"अम्मा, पिनला ताप आलाय."

इरण्णा वायरमननं बोर्ड उघडला.
आत करवंटी जळावी तसं काळं.
"अक्का, हा सहाचा पॉइंट.
ह्याच्यावर तुम्ही सोळाचा भार टाकलाय, वर अजून चार.
पट्टीला तोंडं पाच असली तरी
घसा एकच असतो की."
मग यांच्या कानाशी वाकून ओरडला,
"फणीच्या एका घरातून किती धागे ओढता, मामा?"
"दोन."
"पाच ओढले तर?"
हे काही बोलले नाहीत.
"फ्यूजचं काम मरायचं.
तुम्ही त्याला मरू दिलं नाहीत,
मग पाळी घराची होती."

यांनी स्वतःच्या हातानं ती जाड तार काढली
आणि खिशात ठेवली,
बिडीचं छाट निघालेलं बंडल मी लपवते तशी.

नवी वायर, कूलरला वेगळा सोळाचा पॉइंट, मोटरला वेगळा,
माझ्या अकरा दिवसांच्या विड्या गेल्या त्यात.
तरी आता नळ आला की मोटर,
आणि मोटर चालू तर कूलर बंद, असं आम्हीच ठरवलंय.
ती पाऊण तास आम्ही पायरीवर बसतो,
घाम मानेवरून उतरतो,
आतली पिंपं भरत राहतात.

झोपायच्या आधी श्रीलता
एकेका पिनला पालथा हात लावते,
मी तिच्या कपाळाला लावते तसा.
"हात कोरडा आहे ना गं?"
"हो. फ्रिजला नाही ताप. टीव्हीला नाही.
कूलरला थोडा."
"थोडा म्हणजे किती?"
"सोलापूर आहे, अम्मा. तेवढा सगळ्यांनाच असतो."

हे हसतात, न ऐकताच.
मी मात्र उठते, कूलरचं बटण बंद करते,
आणि उकाड्यात, अंधारात,
कुठं काही चरचरत नाही ना
ते यांच्या वाटचं
मी ऐकत बसते.